कुंभाराच्या पोट्टीचा दावा

पौष शुद्ध पंचमी, बुधवार. अमरावतीचे दिवाणी कोर्ट. दाव्याची रक्कम चार आणे. हजर: जज्जसाहेब, वादी, म्हणजे आमचे घरमालक वकीलसाहेब, स्वतःची बाजू स्वतःच चालवणारे, प्रतिवादी, म्हणजे थेटराचे मॅनेजर, आणि त्यांचे पुण्याहून शिकून आलेले तरुण वकील, वादीचे साक्षीदार तीन, ते म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी, दारावर भाजी घेऊन येणारी बाई आणि मी. बाकी बघे. बघे किती होते ते मी मोजले नाही. मागच्या भिंतीपर्यंत माणसे उभी होती, एवढेच सांगतो. अंदाजाने आकडा सांगितलेला वकीलसाहेबांना चालत नसे.

चार आणे म्हणजे बोलपटाच्या तिकिटाचे पैसे. दावा असा, की प्रतिवादीने जाहिरातीच्या कागदावर ‘मूळ कथेबरहुकूम’ असे छापले, त्यावर विश्वास ठेवून वादीने तिकीट काढले, आणि आत मूळ कथा नव्हती. सबब पैसे परत मिळावेत. हे ऐकून हसला नाही असा माणूस मला अमरावतीत भेटला नाही. मीही हसलो. पण समन्स आल्यावर कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि गेलो.

मी तेव्हा बडनेऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब लिहीत होतो, आणि परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत वकीलसाहेबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. खोल्या पाहायला गेलो त्या दिवशी मी सहज म्हणालो, "जागा हवेशीर दिसते."

"दिसते, का आहे?"

हे वकीलसाहेबांनी विचारले. त्यांनी मला खोलीत बसवले, समोरच्या पाटावर स्वतः बसले आणि एक शब्द न बोलता बसून राहिले. चैत्राचे दिवस होते. माझी पाठ भिजली तेव्हा म्हणाले, "आता सांगा, मुनीमजी."

"उकडते आहे."

"मंग भाडं आठ आणे कमी द्या. खोलीत हवा नाई, हे शाबीत झालं."

स्वतःच्या खोलीविरुद्ध स्वतःच पुरावा गोळा करणारा घरमालक मला पुन्हा भेटला नाही.

ते चांदूर रेल्वेकडच्या शेतकरी घरातले. घराण्यात वकिली करणारे पहिलेच. इंग्रजी कायद्याची कलमे तोंडपाठ, पण बोलत घरचेच बोलणे, जज्जासमोरही. अशिलाला ते आपली हकीकत तीन वेळा सांगायला लावत, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा हकीकत शब्दाला शब्द जुळली की म्हणत, "घरी जा बावा. पाठ करून आला तू. खरा मानूस तीनदा तीन परीनं सांगते." अशाने त्यांची वकिली किती चालली असेल ते सांगायला नको. शेताचे उत्पन्न होते म्हणून घर चालले.

भाजीवालीशी त्यांची रोज उलटतपासणी चाले.

"वांगी ताजी आहेत, कायच्यावरून?"

"माह्यावर विश्वास नाई का साहेब?"

"विश्वास आहे. पुरावा मांगून राह्यलो."

"पुरावा सांजच्याले भाजीत भेटन. पैसे आता द्या."

हे उत्तर त्यांनी कोर्टातल्या सगळ्या वकिलांना सांगितले, आणि तिला वर म्हणाले, "तू वकील झाली असती तं मी उपाशी मेलो असतो." ती म्हणाली, "आता कोनते जेवून राह्यले जास्त?"

त्यांच्या घरात एकही तसबीर नव्हती. देवघरात फक्त समई. "देवाचं तोंड कसं आहे, हे छापखान्यानं काहून ठरवावं?" असे ते म्हणत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक लक्ष्मीचे चित्र चिकटवले होते. दार उघडे असले की चित्र भिंतीकडे जाई. दार दिवसभर उघडेच असे. वकीलसाहेबांना ते माहीत होते आणि त्यांना माहीत आहे हे काकूंना माहीत होते.

अशा माणसाने एका अद्भुत गोष्टीचा एवढा ध्यास घ्यावा, याचे नव्या माणसाला नवल वाटे. गोष्ट सात वेशींची. वऱ्हाडात ती बऱ्याच घरांत तुकड्यातुकड्याने माहीत असे. वकीलसाहेबांकडे तिची जुनी पोथीसारखी प्रत होती. पुढचा पुठ्ठा गेलेला, मागची पाने वाळवीने खाल्लेली. सातव्या वेशीपाशी राजपुत्र पोचतो आणि पान संपते. पुढचे ते तोंडी सांगत.

एका नगरातला सगळा विस्तव विझतो. चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. राजपुत्र सात वेशी ओलांडून विस्तव आणायला निघतो. प्रत्येक वेशीत एक अद्भुत: कुठे दगडाचा हत्ती, कुठे पाऱ्याची नदी, कुठे परी, जी त्याला बोटावर लखलखता उजेड देते. त्याच्या मागे एका कुंभाराची मुलगी निघते. तिच्या गाडग्यात राखेखाली एकच निखारा आहे, नगरातला शेवटचा. ती त्यावर फुंकर घालत चालते. राजपुत्राला ती मागे आहे हे माहीतही नसते. शेवटी परतल्यावर त्याने जमवलेला सगळा अद्भुत उजेड नगरात शिरताच मावळतो, कारण त्याने हात भाजत नाही आणि भाकरही भाजत नाही. मग ती गाडगे पुढे करते. तिच्या निखाऱ्यावर घरोघरच्या चुली पेटतात आणि राजपुत्र तिच्याशी लग्न करतो.

थंडीच्या दिवसांत दर गुरुवारी दिवेलागणीनंतर वकीलसाहेब ओसरीवर चौरंग मांडून ही गोष्ट पोथीसारखी वाचत. गल्ली जमे. पुस्तक समोर उघडे, नजर मात्र माणसांवर. एखादे पोर विचारी, "हत्ती केवढा होता?" ते म्हणत, "तुह्या घराच्या दारातून आत येनार नाई, एवढा." मग ज्याच्या त्याच्या घराच्या दाराएवढा हत्ती ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे उभा राही. शिंप्याचा लहान, माझा त्याहून थोडा मोठा.

शेवटच्या गुरुवारी लग्न. त्या दिवशी बाया ठेवणीतली लुगडी नेसून येत. ज्वारीला कुंकू लावून अक्षता करत. वकीलसाहेब मंगलाष्टके म्हणत आणि आम्ही सगळे अक्षता टाकत असू. समोर नवरा नाही, नवरी नाही. आम्ही समईच्या दिशेने टाकत असू. मग काकूंच्या हातचे, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. पोथीतले लग्न लागले की अक्षता टाकायच्या, ही आमच्याकडची जुनीच रीत आहे. ही पोथी देवाची नव्हती एवढेच.

त्या साली या गोष्टीवर बोलपट निघाला. आधी अकोल्याला चालला, मग अमरावतीला आला. छकड्यावर बाजा लावून कागद वाटले: उडता घोडा, आरशांचा महाल, अग्नीचे सरोवर, शेकडो ट्रिकसीन, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मूळ कथेबरहुकूम’. मला वाटले, तसबिरीला घरात जागा न देणारा माणूस हा कागद फाडून टाकील. पण ते लहान मुलासारखे खूष झाले. तो कागद घेऊन दारोदार गेले.

"चला सारे. आपली गोष्ट आता सारा मुलूख ऐकन."

"ऐकेल नाही साहेब, पाहील," मी म्हणालो.

"ऐकन बी. बोलपट आहे तो, मुनीमजी. मुका नाई."

गल्लीतले सगळे निघाले. बायांनी पदराच्या टोकाला अक्षता बांधून घेतल्या. कुणी सांगितले नव्हते. लग्न येणार, तेव्हा अक्षता लागणार, इतके साधे होते ते. काकू मात्र आल्या नाहीत. "तुमी पाहून या, मले मंग सांगा," म्हणाल्या.

बोलपट डोळे दिपवणारा होता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. घोडा खरोखर उडाला. अग्नीचे सरोवर आले तेव्हा पुढच्या बाकावरच्या माणसांनी पाय वर घेतले. परी बोट करी तिकडे उजेडाची रेघ उठे आणि सगळे थेटर ‘आहा’ करी. त्यात माझाही आवाज होता. वकीलसाहेब माझ्या शेजारी. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारले, "पडद्यावर कोनी काही बोलून काहून नाई राह्यलं?"

"पाहा ना साहेब."

"पाहूनच राह्यलो. मी आंधळा असतो तं मले चार आन्यात काय भेटलं असतं?"

दुसऱ्या वेशीच्या आधी कुंभाराची मुलगी आली. ती विनोदी नटाच्या जोडीला ठेवली होती. अंगावर चिंध्या, तोंडाला काजळी. नट तिच्या पायात पाय घालतो, ती पडते, गाडगे फुटते आणि राख त्याच्या मिशांवर उडते. थेटर खदखदून हसले. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "निखारा पडला." एवढेच. मला वाटले ते उठतील, पण ते बसून राहिले. ती पुढे कुठेतरी परत येईल, अशी त्यांना आशा असावी.

ती आली नाही. शेवटी परीने बोट केले, नगर उजळले आणि तिच्याशी राजपुत्राचे लग्न निघाले. सनई वाजली, मंगलाष्टके सुरू झाली, आणि आमच्या बायांनी सवयीने पदर सोडले. ज्वारी पुढच्या बाकांवरच्या टोप्यांवर पडू लागली. मीही एक मूठ टाकली. तेवढ्यात वकीलसाहेब छत्री उगारून उभे राहिले.

"थांबा! अक्षता टाकू नोका! नवरी चुकली!"

"ओ बुढे, बैठ जाव!"

"नवरी चुकली म्हनतो ना! थांबा!"

मागून कोणी ओरडले, "काहून बे, तुह्या घरचं लगन आहे काय?"

"हो!" वकीलसाहेब त्याच्याकडे वळून म्हणाले. "माह्या घरचंच आहे!"

दिवे लागले. मॅनेजर आले. सभ्य माणूस, मूळ अकोल्याचा. हात जोडून वकीलसाहेबांना बाहेर घेऊन गेले. मी मागोमाग.

"साहेब," मॅनेजर म्हणाले, "एक पोरगी सात वेशी नुसती गाडग्यात फुंकर घालत चालते. हे पडद्यावर कोण पाहणार?"

"आमी दरसाल ऐकतो."

"ऐकणे वेगळे. पडद्यावर काही घडायला पाहिजे."

"निखारा विझला नाई, हे घडनं नाई?"

मॅनेजरांनी यावर एवढेच सांगितले, की तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पैशांची गोष्ट त्यांनीच काढली. वकीलसाहेबांच्या मनात तोवर पैसे नव्हते. पण दाव्याला कारण मिळाले.

पुढच्या गुरुवारी वकीलसाहेब चौरंगापुढे बसले तेव्हा गल्लीतली निम्मी जागा रिकामी होती. एकाला बोलवायला गेलो तर तो म्हणाला, "आता काय ऐकाचं मुनीमजी, आमी पाह्यली ना ती गोष्ट." जे आले त्यांतल्या एका पोराने पहिल्याच वेशीला विचारले, "परी कवा येईन?" वकीलसाहेबांनी पुस्तक मिटले. उठताना म्हणाले, "इतक्या सालात कोनी परीची वाट पाह्यली नोती." दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना नोटीस गेली.

वकीलमंडळींनी टिंगल केली. चार आण्यांच्या दाव्याचा स्टँप किती, असे विचारू लागले. मीही घरी म्हणालो, की म्हाताऱ्याचे डोके फिरले. तेव्हा माझ्या बायकोने मला गप्प केले. काकूंजवळ बसून वाती वळता वळता तिला जे कळले होते ते तिने सांगितले.

काकू पातूरच्या. लहानपणीच दोघांच्या लग्नाची बोलणी होऊन शब्द दिला गेला होता. पुढे वकीलसाहेब नागपूरला शिकत असताना काकूंना देवी आल्या. जीव वाचला, पण चेहरा व्रणांनी भरला. वकीलसाहेबांच्या वडिलांनी दुसरे स्थळ पाहिले, दर्यापूरकडचे, मोठ्या शेतीवाडीचे. मुलाने विचारले, "शब्द देला तवा चेहऱ्याची अट होती काय?" वडील म्हणाले, तशी अट बोलायची नसते, ती समजायची असते. "मले नाई समजत," मुलगा म्हणाला, आणि लग्न पातूरलाच लागले. वडील लग्नाला आले. मंगलाष्टके होईपर्यंत अक्षतांची मूठ आवळून उभे राहिले, आणि ती न टाकताच त्यांनी हात खिशात घातला. हे काकूंनी अंतरपाटाच्या कडेने पाहिले होते.

"आता हसा," माझी बायको म्हणाली.

मी साक्ष द्यायला गेलो तो यानंतर.

जज्जसाहेबांनी आधी विचारले, "वकीलसाहेब, आपले नुकसान नेमके काय?"

"चार आणे."

"चार आण्यांसाठी कोर्टाची दुपार घ्यायची?"

"कोर्टाची फी भरली आहे साहेब. दुपार फुकटची नाई."

पहिला शिंपी. मूळ गोष्ट काय, सांग, असे त्याला विचारले. तो म्हणाला, राजपुत्र काळ्या घोड्यावरून निघाला. मी म्हणालो, घोडा पांढरा, आणि तो तिसऱ्या वेशीत सोडून द्यावा लागला. भाजीवालीने आम्हा दोघांनाही मोडीत काढले. "घोडा कायचा? तो पायीच गेला. घोड्यावर असता तं पोट्टी त्याच्या मांगं पायी कशी पुरली असती?" पाऱ्याची नदी कितव्या वेशीत, यावरही तिघांची तीन उत्तरे झाली.

मॅनेजरांच्या तरुण वकिलाला आनंद लपवता येईना. "तीन साक्षीदार, तीन कथा! यातली मूळ कुठली?"

"तिन्ही," वकीलसाहेब म्हणाले. "सारखं सांगतलं असतं तं तुमीच म्हनले असते, पढवून आनले."

"ठीक. मग पुस्तकच दाखवा ना. त्यात लग्न कोणाशी आहे ते वाचू."

वकीलसाहेबांनी पिशवीतून पुस्तक काढून जज्जांपुढे ठेवले. तरुण वकिलाने शेवटचे पान उलटले. पुढे नुसती वाळवीची जाळी.

"लग्नाचे पान कुठे आहे?"

"वाळवीनं खाल्लं."

कोर्टात हशा पिकला. जज्जसाहेबही हसले.

"म्हणजे," तरुण वकील सावकाश म्हणाले, "कुंभाराच्या मुलीशी लग्न झाले, हे फक्त आपण सांगता. साक्षीदारांनी ऐकले तेही आपल्याच तोंडून. तेव्हा हे लग्न आपणच रचलेले नाही कशावरून?"

 वकीलसाहेबांना निरुत्तर झालेले मी तेवढे एकदाच पाहिले. ते पुस्तकाकडे पाहत उभे राहिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांच्या स्वतःच्या मनातही शंका आली असावी: आपण हे खरोखर कुठे वाचले, की पातूरच्या लग्नानंतर आपणच रचले?

भाजीवाली पिंजऱ्यातून उतरली नव्हती. तिने विचारल्याशिवायच तोंड उघडले. "साहेब, ती दिसाले कशी होती ते यायनं आमाले कदी सांगतलं नाई. पन इतक्या दूर इस्तो फुंकत आली, तिच्या तोंडावर ठिनग्या तं उडल्याच असतीन ना? डाग राहीनच. परी कायले असं करन?"

हा पुरावा नव्हे, असे जज्जसाहेब म्हणाले, आणि तिला उतरायला सांगितले. पण वकीलसाहेबांनी मान वर केली. म्हणाले, "मले प्रतिवादीची उलटतपासनी कराची आहे."

मॅनेजर शपथ घेऊन उभे राहिले.

"तुमी अकोल्याचे?"

"हो."

"ही गोष्ट बोलपटाच्या आधी कदी ऐकली होती?"

मॅनेजरांनी आपल्या वकिलाकडे पाहिले. वकिलाने डोळ्यांनी काहीतरी सांगितले. मॅनेजर त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी नजर काढून घेतली.

"लहानपणी ऐकली होती. आमच्याकडे दळायला एक बाई यायची. जाते ओढता ओढता सांगायची."

"त्या बाईले मी ओळखतो काय?"

"नाही. ती जाऊनही फार वर्षे झाली."

"तिनं वेशी किती सांगतल्या?"

"पाच. दळण तेवढ्यात संपायचे."

कोर्ट हसले. वकीलसाहेब हसले नाहीत.

"आन् लगन कोनाशी लागलं?"

मॅनेजर पिंजऱ्याच्या कठड्यावरून बोट फिरवू लागले. दाराशी येरझाऱ्या घालणारा शिपाईही थांबला होता.

"शपथ घेतली आहे तुमी," वकीलसाहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"कुंभाराच्या मुलीशी," मॅनेजर म्हणाले. "पण साहेब, पडद्यावर ती शोभत नाही."

"शोभत नाई, हे कोनाचं मत? त्या दळनाऱ्या बाईचं?"

"नाही. तिचे नाही."

"माहं झालं," म्हणून वकीलसाहेब खाली बसले.

निकाल त्याच दिवशी उन्हे कलताना लागला. जज्जसाहेबांनी वाचून दाखवला. मूळ कथेत लग्न कुंभाराच्या मुलीशी लागते, हे प्रतिवादीच्या कबुलीवरून शाबीत. परंतु तिकीट काढणाऱ्याला बसायला बाक मिळाला, पडदा मिळाला, त्यावर चित्रे हलली. गोष्ट बदलल्याने तिकीट खोटे ठरत नाही. दावा खर्चासह खारीज.

वकीलसाहेब उभे राहिले. "साहेब, ‘शाबीत’ असंच लिवलं ना?"

"असेच लिहिले आहे."

"मंग खर्च आताच देतो."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मॅनेजरांच्या हातावर खर्चाची रक्कम मोजून ठेवली. मॅनेजर ओशाळले. म्हणाले, "त्या बाईची आठवण कित्येक वर्षांनी झाली."

"मंग तिची पोट्टी काहून पाडली तुमी?"

"मी नाही पाडली, साहेब. मी फक्त दाखवतो."

"तेच तं म्हनून राह्यलो. दाखवता तुमीच ना?"

फाटकाबाहेर दवंडीवाला बसला होता. बोलपटाच्या छकड्यापुढे डफडे वाजवत गेला होता तोच. वकीलसाहेबांनी त्याच्याशी बारा आण्यांत ठरवले: परकोटाच्या आतल्या सगळ्या गल्ल्यांत एकेक फेरी. मी म्हणालो, "साहेब, आपण हरलो आहोत. आता शोभा कशाला?"

"हारलो ते बी सांगाचं आहे," ते म्हणाले. दवंडीवाल्याने विचारले, "आदी कोनतं सांगू?"

"आदी हारलो ते. खोटं काही नोको."

लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. मी आता अकोल्याला असतो आणि इथेही त्यांची गोष्ट निघाली की कोणी ना कोणी कपाळाजवळ बोट फिरवतो. मला ते मान्य नाही. हरल्यावर आपली हार दवंडी पिटून सांगायची तयारी असलेला दुसरा शहाणा कोणी दाखवावा, मग बोलू.

दवंडी आमच्या गल्लीत आली तेव्हा काकू आणि माझी बायको अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. वकीलसाहेब ओसरीवर कोट काढत होते.

"ऐका हो ऐका! वकीलसाहेब कोर्टात हारले हो! दावा खारीज झाला! पन राजपुत्राचं लगन कुंभाराच्या पोट्टीशीच लागलं! थेटरवाल्यानं शपथेवर कबूल केलं होऽऽ!"

"या मानसाले काही कामधंदा नाई," काकू म्हणाल्या आणि डाळ पाखडत राहिल्या.

डफडे पुढच्या वळणापर्यंत गेले. मग काकूंनी सूप खाली ठेवले. त्या उठल्या आणि रस्त्यावरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एरवी दिवसाउजेडी त्या तिथे उभ्या राहत नसत. चालताना पदर डोक्यावरून घसरला. त्यांनी तो नीट केला नाही. समोरच्या ओट्यावरची माणसे पाहत होती, आणि काकूंनी त्यांना पाहू दिले.

"इकडे ये रे बाप्पा," त्यांनी दवंडीवाल्याला हाक मारली. "या गल्लीत अजून एक खेप मार."

"बाई, एका गल्लीत एकच ठरली आहे."

काकूंनी कनवटीचे पैसे सोडले. "हे घे. आन् ते हारले हारले नोको सांगू."

"ते सांगाच लागन!" ओसरीवरून वकीलसाहेब ओरडले. "कोर्टाचा निकाल आहे तो!"

काकू वळल्यासुद्धा नाहीत. "मंग हारले ते हळू सांग," त्या दवंडीवाल्याला म्हणाल्या, "आन् लगन मोठ्यानं."

एकूण दिले ते असे. थेटराच्या मॅनेजरांना खर्चाचे पाच रुपये सहा आणे, वकीलसाहेबांकडून. दवंडीवाल्याला ठरलेले बारा आणे, वकीलसाहेबांकडून. त्याच दवंडीवाल्याला वरचे दोन आणे, काकूंकडून.